‘मेलेल्या’ प्रवाळाचा खटला: ज्युडिथ राइट यांच्या ग्रंथाचे पुनर्वाचन

काही ग्रंथ एखाद्या लढ्याच्या पोटी जन्मतात आणि तो लढा संपला की फळीवर जाऊन बसतात. त्यांचा आदर होतो, वाचन होत नाही. ऑस्ट्रेलियाच्या थोर कवयित्री ज्युडिथ राइट यांचा ‘द कोरल बॅटलग्राउंड’ हा १९७७ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ याच वर्गात जमा व्हावयाचा. ‘ग्रेट बॅरियर रीफ’ ही जगातील सर्वांत मोठी प्रवाळमाला खाणवाले आणि तेलवाले यांच्या तावडीतून कशी सुटली, याची ती हकीकत आहे. प्रवाळमाला सुटली, तिच्यासाठी कायदा झाला, मग ग्रंथाचे काम संपले असे कोणीही म्हणेल. २०१४ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली, तरी मराठी वाचकाला तो आजही अपरिचितच आहे. आम्ही तो मुद्दाम पुन्हा वाचावयास घेतला. समुद्राचे पाणी तापू लागल्यापासून संरक्षित सागरी क्षेत्रांचे भवितव्य काय, हा प्रश्न आज सर्वत्र विचारला जात आहे. त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या जुन्या ग्रंथात आहे आणि उरलेले अर्धे का नाही, हेही त्यावरूनच कळते, असे आमचे मत झाले.

ज्युडिथ राइट यांचा जन्म १९१५ चा, मृत्यू २००० मधला. ‘द मूव्हिंग इमेज’ हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह १९४६ साली आला आणि कवयित्री म्हणून त्यांचे नाव झाले. १९६२ मध्ये क्वीन्सलंड राज्यात वन्यजीवरक्षणासाठी एक संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या आणि पुढे अनेक वर्षे अध्यक्षाही होत्या. प्रवाळाशी त्यांची ओळख त्याआधीची, १९४९ मधली. लेडी एलियट नावाच्या लहानशा बेटाभोवतीच्या उथळ पाण्यात त्यांनी तो प्रथम पाहिला. या लढ्यात त्यांचे दोन मुख्य साथी होते. एक जॉन ब्युस्ट हे चित्रकार आणि दुसरे लेन वेब हे वनांचे अभ्यासक. एक कवयित्री, एक चित्रकार आणि एक वनशास्त्रज्ञ. सागरविज्ञानाची पदवी तिघांपैकी एकाजवळही नव्हती.

ग्रंथातील पहिली चकमक १९६७ सालची आहे आणि आमच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. केर्न्स येथील एका ऊस बागायतदाराने एलिसन रीफ या प्रवाळखडकातील चुनखडी खणून काढण्याचा परवाना मागितला. चुनखडी शेतीसाठी हवी होती. अर्जदाराचे म्हणणे सरळ होते. हा प्रवाळ मेलेला आहे, मेलेल्या दगडाला खणले तर कोणाचे काय बिघडते? ब्युस्ट यांनी हरकत नोंदविली आणि प्रकरण इनिसफेल येथील खाण-न्यायाधिकाऱ्यापुढे गेले. हरकतदारांजवळ पुरावा नव्हता. तेव्हा विद्यापीठातील तरुण पाणबुड्यांची एक तुकडी स्वयंसेवक म्हणून एलिसन रीफवर गेली, पाण्यात उतरली आणि तिने मोजणी केली. ‘मेलेल्या’ म्हटलेल्या त्या खडकावर जिवंत प्रवाळाच्या कितीतरी जाती आणि त्याहून अधिक जातींचे मासे आढळले. जो भाग मृत दिसत होता तोही असंख्य जीवांचे घर होता, आणि नवा प्रवाळ जुन्याच्याच सांगाड्यावर उगवतो, हे न्यायालयापुढे मांडले गेले. अर्ज नाकारण्याची शिफारस झाली आणि तो नाकारला गेला.

त्यानंतरची लढाई मोठी होती. क्वीन्सलंडच्या राज्य सरकारने जवळजवळ सगळी प्रवाळमाला तेलाच्या शोधासाठी परवान्यांवर देऊन टाकली होती. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेत सांता बार्बरा येथे तेलविहीर फुटून किनारा काळा झाला आणि ऑस्ट्रेलियन जनतेला धोक्याचे चित्र डोळ्यांनी दिसले. १९७० च्या आरंभी कामगार संघटनांनी प्रवाळमालेवरील तेलविहिरीच्या कामावर बहिष्कार जाहीर केला. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘ओशॅनिक ग्रँजर’ हे तेलवाहू जहाज टोरेस सामुद्रधुनीत खडकावर आदळले. चौकशी आयोग नेमले गेले. समुद्रतळावर हक्क राज्याचा की केंद्राचा, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर १९७५ मध्ये ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानाचा कायदा झाला आणि उद्यानाच्या हद्दीत खाणकाम व तेलविहिरी यांना मनाई झाली. आज हे उद्यान सुमारे ३,४४,४०० चौरस किलोमीटरचे आहे. आपल्या अवघ्या महाराष्ट्र राज्याहून ते मोठे आहे. १९८१ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला.

वाङ्मय म्हणून या ग्रंथाकडे पाहताना एक गोष्ट प्रथम जाणवते. कवयित्रीने लिहिलेल्या या ग्रंथात कवित्व फार थोडे आहे. पत्रव्यवहार, सभांचे वृत्तांत, मंत्र्यांची निवेदने, वर्तमानपत्रांतील बातम्या आणि पैशांची चणचण, याच सामग्रीतून तो उभा केलेला आहे. प्रवाळाच्या रंगांचे वर्णन वाचावयास मिळेल या अपेक्षेने जो तो उघडील त्याची निराशा होईल. काही प्रकरणे कंटाळवाणी आहेत, हेही आम्ही लपवीत नाही. परंतु हा कोरडेपणा लेखिकेने विचारपूर्वक पत्करला आहे, असे आम्हांस वाटते. एलिसन रीफच्या सुनावणीत सौंदर्याचा दाखला कामास आला नाही, मोजणी कामास आली. हे त्या विसरल्या नाहीत. ज्याला सुंदर लिहिता येते त्याने साधे लिहिण्याचा निग्रह करावा, यात एक नैतिक शिस्त आहे, आणि आपल्याकडील निसर्गलेखनाने ती शिकण्यासारखी आहे. सह्याद्री आणि सागर यांच्यावर आपण पुष्कळ गोड लिहिले. त्यांची मोजदाद ठेवणारे गद्य मात्र आपल्याकडे फार थोडे.

ग्रंथाचा दुसरा गुण म्हणजे निर्भीडपणा. सरकार आणि कंपन्या यांच्यावर टीका करणे तसे सोपे. राइट त्याहून अवघड काम करतात. ज्या विद्वानांनी प्रवाळाचा अभ्यास करण्यात आयुष्य घालविले, त्यांतील कित्येकांनी ऐन वेळी ‘नियंत्रित उपयोगा’चा मध्यममार्ग का सुचविला, हा प्रश्न त्या विचारतात. तज्ज्ञाचे मौन तटस्थ नसते, ते बलवान पक्षाच्या पारड्यात जाऊन पडते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. क्वचित त्या अन्याय करतात. पुरावा हाती येईपर्यंत न बोलणे हा शास्त्राचा धर्म आहे, हे त्यांना पुरेसे मान्य नाही. तरीही प्रश्न खरा आहे, आणि त्याची धार अजून गेलेली नाही.

आता या ग्रंथाच्या मर्यादेकडे वळू. शीर्षकातच रणांगण आहे. रणांगणाला शत्रू लागतो, आणि येथे शत्रूला चेहरा आहे. अर्ज करणारा बागायतदार आहे, परवाना देणारा मंत्री आहे, विहीर खणणारी कंपनी आहे. त्यांना न्यायालयात खेचता येते, निवडणुकीत हरविता येते, त्यांच्या जहाजांवर बहिष्कार घालता येतो. या ग्रंथातील शत्रूंच्या यादीत उष्णता नाही. १९७७ मध्ये ती नसावी यात नवल नाही. पण पुढे जे घडले त्याने या सबंध रणनीतीचीच परीक्षा घेतली.

प्रवाळ हा इवल्याशा प्राण्यांचा समूह आहे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, तेच त्यांना अन्न देते आणि रंगही देते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी एखाद्या अंशाने जरी अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्राणी त्या शैवालाला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, त्याची उपासमार सुरू झालेली असते. पाणी वेळेत निवले तर तो सावरतो, न निवले तर मरतो. ग्रेट बॅरियर रीफवर १९९८ आणि २००२ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडले. पुढे २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५ अशी रांगच लागली. २०१६ च्या एका वर्षात उथळ पाण्यातील सुमारे ३० टक्के प्रवाळ मेला. सर्वांत भीषण हानी झाली ती उत्तरेकडील भागात, म्हणजे माणसांच्या वस्तीपासून सर्वांत दूर, सर्वांत स्वच्छ आणि सर्वांत सुरक्षित समजल्या गेलेल्या भागात. टेरी ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले की, मासेमारीला बंदी असो वा नसो, पाणी स्वच्छ असो वा गढूळ, तीव्र उष्णतेपुढे प्रवाळ पांढरा पडण्याच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही.

प्रवाळमालेच्या उत्तर भागात रेन आयलंड नावाचे बेट आहे. हिरव्या समुद्रकासवांची ती फार मोठी वीण-जागा. तेथे पहारा आहे, कायदा आहे. परंतु कासवाच्या अंड्यातून नर निघावा की मादी, हे वाळूची उष्णता ठरविते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उत्तरेकडील या कासवांच्या लहान पिढीत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या. पहारेकरी चोराला अडवील, वाळूतील उष्णतेला कसा अडविणार?

मग संरक्षण व्यर्थ म्हणावयाचे काय? येथे आकडे बारकाईने वाचले पाहिजेत. २००४ मध्ये या उद्यानाची फेरआखणी झाली आणि मासेमारीस पूर्ण बंदी असलेले पट्टे पाच टक्क्यांहून कमी होते ते सुमारे ३३ टक्क्यांवर नेले गेले. अशा पट्ट्यांत मासे अधिक आणि मोठे मिळतात, हे पुढील पाहण्यांत दिसले. केपेल बेटांजवळच्या एका अभ्यासात, जो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, हेकरूच्या कुळातील ‘कोरल ट्राउट’ आणि तांबोशीच्या जातीचा मासा यांच्या पिलांची जनुकीय तपासणी झाली. बंदीचे क्षेत्र तेथील प्रवाळाच्या २८ टक्के होते, पण परिसरातील निम्मी पिले त्या क्षेत्रातील माशांची निघाली. म्हणजे आतल्या माशांचा वंश बाहेरच्या मच्छीमाराच्या जाळ्यात येत होता. प्रवाळ खाऊन फस्त करणारा ‘काट्यांचा मुकुट’ नावाचा तारामासा, ज्याची चिंता राइट यांच्या ग्रंथातही आहे, त्याचा उपद्रवही बंदीच्या पट्ट्यांत कमी आढळला. संरक्षण तापाला अडवीत नाही. ताप उतरल्यावर रोग्याला उठून बसण्याचे बळ मात्र ते देते. उपाशी, जखमी आणि गढूळ पाण्यात गुदमरणाऱ्या प्रवाळाला तापही लागला तर तो उठत नाही. अर्थात ताप वरचेवर येऊ लागला तर सुदृढ रोगीही खचतो. हवामानबदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की, पृथ्वीचे तापमान दीड अंशाने वाढले तर उष्ण समुद्रातील प्रवाळ ७० ते ९० टक्क्यांनी घटेल आणि दोन अंशांनी वाढले तर जवळजवळ सर्व जाईल. समुद्रातली रेषा आणि कोळशाच्या भट्टीवरचा लगाम ही दोन कामे आहेत, एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

याच ठिकाणी एलिसन रीफचा तो जुना खटला आम्हांला आठवतो. २०१६ मध्ये एका अमेरिकन नियतकालिकाने ग्रेट बॅरियर रीफचा चक्क मृत्युलेख छापला. हेतू लोकांना जागे करण्याचा असेल, परंतु अनेक शास्त्रज्ञांनी त्यास हरकत घेतली, आणि ती योग्य होती. २०२२ च्या पाहणीत उत्तर आणि मध्य भागांत प्रवाळाचे आच्छादन त्या पाहणीच्या ३६ वर्षांतील सर्वाधिक आढळले. २०२५ च्या पाहणीत तेच उत्तरेत ३९.८ टक्क्यांवरून ३० वर आणि दक्षिणेत ३८.९ वरून २६.९ वर घसरले. वेगाने वाढणाऱ्या आणि तितक्याच वेगाने मरणाऱ्या जातींच्या जोरावर ही चढउतार चालू आहे. ज्याची नाडी अशी वरखाली होते तो आजारी आहे, फार आजारी आहे, पण मेलेला नाही.

आजारी आणि मृत यांतला हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. ‘समुद्र तापतोच आहे, प्रवाळ जाणारच आहे, मग बंदी कशाला आणि खर्च कशाला?’ हा युक्तिवाद आता ऐकू येऊ लागला आहे. कधी तो हताश भल्या माणसांच्या तोंडी असतो, कधी हिशेबी माणसांच्या. १९६७ चा अर्जदार जे म्हणत होता तेच हे आहे. ज्या वस्तूला मृत ठरविले तिच्यावर कोणाचे कर्तव्य उरत नाही, आणि जिच्यावर कोणाचे कर्तव्य नाही ती खणावयास मोकळी होते. म्हणून राइट यांच्या ग्रंथाचे पहिले प्रकरण आज शेवटच्या प्रकरणापेक्षा अधिक जिवंत वाटते. कायदा कसा मिळवावा हे शेवटची प्रकरणे सांगतात. मृत्यूचा दाखला देण्याआधी पाण्यात उतरून मोजा, हे पहिले प्रकरण सांगते.

ग्रंथाची आणखी एक उणीव नोंदविली पाहिजे. प्रवाळमालेच्या किनाऱ्यावर आणि टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर हजारो वर्षे राहिलेले मूळ रहिवासी या लढ्यात एक पक्ष म्हणून उभे दिसत नाहीत. सरकार, कंपन्या, शास्त्रज्ञ आणि निसर्गप्रेमी यांच्यातच सारा संवाद चालतो. याच लेखिकेने पुढे आदिवासींशी तह करावा यासाठी मोठी चळवळ केली, हे ध्यानात घेतले म्हणजे ही उणीव अधिकच खुपते. पुढे २००५ पासून मूळ रहिवाशांच्या गटांशी समुद्राच्या पारंपरिक वापराविषयी करार होऊ लागले. ज्यांची समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख त्यांना वगळून आखलेली रेषा टिकत नाही, हे तेथे उशिरा का होईना उमगले.

आपल्याला हे उमगले आहे काय? महाराष्ट्राने १९८७ मध्ये मालवण येथे सागरी अभयारण्य जाहीर केले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा, सुमारे २९ चौरस किलोमीटरचा हा टापू. तेथे प्रवाळ आहे आणि तोही उष्णतेने पांढरा पडल्याच्या नोंदी आहेत. परंतु अभयारण्य हा शब्द निघाला की मालवणच्या मच्छीमाराच्या कपाळावर आठी पडते. रेषा वरून आली, त्याच्याशी बोलून आली नाही, ही त्याची तक्रार. ऑस्ट्रेलियात लोकांनी सरकारला रेषा आखावयास भाग पाडले, येथे सरकारने लोकांवर रेषा आखली. केपेल बेटांतील त्या पिलांचा हिशेब कोणी आपल्या कोळीवाड्यात, आपल्या बोलीत, समोर बसून सांगितला असता आणि आपल्या पाण्यातही तशी मोजणी केली असती, तर बोलणे निराळे झाले असते. बंदीचा भार ज्याच्या चुलीवर पडतो त्याला बंदीचे फळ कधी आणि किती मिळणार, हे विचारण्याचा अधिकार आहे. समुद्र तापविण्यात त्याच्या होडीचा वाटा नगण्य. तरी पहिला त्याग त्याच्याकडूनच मागावयाचा आणि कोळसा जाळणाऱ्यांना मुदत द्यावयाची, हा न्याय नव्हे.

डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे राष्ट्रांनी ठरविले की, २०३० पर्यंत समुद्राचा ३० टक्के भाग संरक्षित करावयाचा. २०२३ मध्ये खुल्या महासागरातील जीवसृष्टीसाठीही करार संमत झाला. हे संकल्प स्वागतार्ह आहेत. परंतु मासे आता थंड पाण्याच्या शोधात ध्रुवांकडे सरकत आहेत. वरच्या थरातील सागरी जीवांचा हा सरकण्याचा वेग दर दशकाला सरासरी पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. ज्याच्यासाठी कुंपण घातले तोच कुंपणाबाहेर निघून गेला, असे उद्या घडेल. म्हणून उद्याच्या संरक्षित क्षेत्रांना ठरावीक वर्षांनी फेरमोजणी करावी लागेल, तुलनेने थंड राहणाऱ्या जागा शोधून त्यांना आधी जपावे लागेल, एका मोठ्या टापूऐवजी एकमेकांना बीज पुरविणाऱ्या अनेक टापूंची साखळी गुंफावी लागेल. केवळ टक्के मोजून हे साधणार नाही.

ज्युडिथ राइट यांच्या ग्रंथात या साऱ्याची उत्तरे नाहीत, आणि त्यांची अपेक्षाही आम्ही करीत नाही. भाषा, रचना आणि दृष्टी या तिन्ही बाबतींत त्याच्या मर्यादा आम्ही वर नोंदविल्या. तरीही कोणी तरी तो मराठीत आणावा असे आम्ही आग्रहाने सुचवितो. संपूर्ण नाही, तरी एलिसन रीफचे प्रकरण अवश्य आणावे. आपल्या किनाऱ्यावरही, खाडी मेली, कांदळवन मेले, मासळी संपली, असे दाखले रोज दिले जातात, आणि दाखला मिळाला की भराव टाकणारी गाडी मागोमाग येते. असा दाखला पुढे आला तर आपल्या गावातील चार तरुणांनी ओहोटीच्या वेळी चिखलात उतरावे, काय जिवंत आहे ते मोजावे आणि वहीत लिहून ठेवावे. एलिसन रीफवर उतरलेल्या त्या पोरांनी एवढेच केले होते.